सुमनचा केसपेपर

सव्वीस वर्षं तुरुंगात काढली, असं मी म्हणालो की नवखा माणूस आपली खुर्ची जरा मागं सरकवतो. मग मी खुलासा करतो, की मी तिथं मिश्रक होतो. मिश्रक हा सरकारी शब्द, लोकांच्या तोंडी कंपौंडर. खुलासा झाला की खुर्ची पुढं येते आणि हमखास प्रश्न येतो, "मग किती खुनी पाहिले?"

पुष्कळ पाहिले. खोकला त्यांनाही तुमच्याआमच्यासारखाच होतो. त्यांच्याबद्दल मला फारसं सांगायचं नाही. सांगायचंय ते सुमनबद्दल.

माझी नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाली. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. कुठल्या कारागृहातली ते सांगत नाही. गर्दी झाली की तेव्हा एका जिल्ह्याचे कच्चे कैदी दुसऱ्या जिल्ह्यात हलवत, त्यामुळं गावांच्या नावांवरून कुणी अंदाज बांधू नये. माणसांची नावंही बदलली आहेत.

आधी आमचं काम कसं चालायचं ते सांगतो. डॉक्टर बाहेरचे. दिवसातून तासभर यायचे, कधी तेवढेही नाही. बाकी वेळ दवाखाना म्हणजे मी, दोन कपाटं, एक वजनकाटा आणि गज लावलेली खिडकी. सकाळी बराकी उघडल्या की खिडकीशी रांग लागायची. मी रजिस्टरातलं नाव पुकारायचं, तक्रार ऐकायची, गोळी तळहातावर ठेवायची. कैद्यानं ती माझ्यासमोर गिळून जीभ दाखवायची, कारण गोळ्या साठवून एकदम खाणारेही असतात. ज्याची कोर्टाची तारीख असे त्याच्या पोटात कळ यायची. ज्याची भेट असे त्याचं काहीच दुखायचं नाही. दरोड्यातल्या एका आरोपीला पांढऱ्या औषधानं कधी गुण यायचा नाही, लालच लागायचं. मी त्याच पांढऱ्या औषधात रंगाचे दोन थेंब टाकायचो आणि तो ठणठणीत व्हायचा. खरं दुखणं कुठलं आणि नाटक कुठलं, हे आपल्याला खिडकीतून कळतं, असा माझा समज होता. लोकही तसं म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

सुमन आली तो उन्हाळ्याचा दिवस होता. मी फाटकाशी औषधांचं खोकं उतरवून घेत होतो. पोलिसांच्या गाडीतून हिरव्या नऊवारीतली, तिशीची, उंच बाई उतरली. पोलिसांनी दिलेल्या कागदावर नाव होतं सुभाष. बाजारात एका माणसानं तिच्या पदराला हात घातला, तिनं हातातली पितळी घागर त्याच्या डोक्यात घातली, आणि त्याच्या डोक्याला टाके पडले. एवढा तिचा गुन्हा. 

फाटकावर प्रत्येक नव्या कैद्याची अंगझडती होते. रक्षक पुढं झाले तशी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बाईला बोलवा. बाप्याला मी हात लावू देनार न्हाई."

रक्षक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. आमचे तुरुंगाधिकारी सूर्यवंशीसाहेब बाहेर आले. साहेब फौजेतून आलेले, कडक, पण हलकट नव्हते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "कागदावर पुरुष लिहिलंय. मला कागदानंच चालावं लागतं."

तिची झडती पुरुषांनी घेतली. साडी आणि बांगड्या कैद्यांचं सामान ठेवायच्या खोलीत जमा झाल्या. सदरा-लेंगा देऊन तिला दोन नंबरच्या बराकीत पाठवलं. तिथं पन्नासेक पुरुष होते.

चौथ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली. मी नाव पुकारलं, "सुभाष!" कुणी पुढं येईना. पुन्हा पुकारलं. मागच्या कैद्यानं तिला ढोसलं तेव्हा ती पुढं झाली.

"ऐकू येत नाही का?" मी विचारलं.

"येतंय की. पर ते नाव माजं न्हाई. सुमन म्हना."

"इथं रजिस्टरात आहे तेच म्हणायचं असतं. काय होतंय?"

"लघवीला आग हुतीया."

पाणी भरपूर पी, असं सांगून मी जळजळीचं पांढरं औषध दिलं. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, मग पुन्हा. प्रत्येक वेळी मी सुभाष म्हणून पुकारलं आणि तेच औषध दिलं. आजारी कैद्यांचं वजन करायची पद्धत होती. तिचं तीन आठवड्यांत साडेचार किलो कमी झालं होतं. तो आकडा मी माझ्या हातानं लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही फलटणकडचे. छप्पन साली वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पण शाळेतल्या मास्तरांनी दाखल्यावर जुनीच जात ठेवली. "हे नवं काय काढलंय?" असं ते म्हणाले होते. वडील त्या एका ओळीसाठी तीन वेळा पायी शाळेत गेले. तिसऱ्या वेळी ते मास्तरांना म्हणाले, "आवं गुरुजी, आमी कोन ते आमी सांगायचं. तुमी निस्तं लिवायचं." मी शेजारी उभा होतो. त्या बापाचा मुलगा मी, आणि तीन आठवडे गजांच्या आतून मी तिला सांगत होतो की रजिस्टरात आहे तेच तुझं नाव. हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. फार उशिरा आलं.

एका सकाळी दोन नंबरमधून निरोप आला, की सुभाष उठत नाही. मी गेलो. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, ओठ पांढरे पडलेले. मी पोटाला हात लावला. बेंबीखाली नारळासारखा कडक गोळा होता. लघवी तुंबली होती.

"कधीपासनं?"

"काल दिवस बुडल्यापासनं. थेंब न्हाई."

तिला दवाखान्यात आणून मी दार लावलं आणि पहिल्यांदा नीट विचारलं. सतराव्या वर्षी घर सोडून ती तृतीयपंथी लोकांत आली. नंतर एका दाईनं तिचं अंग कापलं, म्हणजे पुरुषाचे अवयव काढून टाकले. जखम भरताना लघवीची वाट आकसत गेली. बाहेर असताना ती दिवसभर पाणी पीत राहायची, त्यामुळं कसंबसं निभायचं.

"मग इथं का नाही पीत? मी सांगत होतो ना, पाणी पी म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत.

"भाऊ, बराकीतला संडास बगितलाय का तुमी? कमरंएवढी भित. मी बसले की धा जन उटून बगाय येत्यात. पानी पिऊन कुठं जाऊ?"

तो संडास मी सहा वर्षं बघत होतो. खिडकीतून सगळं कळणारा माणूस मी, पण ती पाणी का पीत नाही हे मला कळलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला. सरकारी दवाखान्यात हलवा, म्हणाले. कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलीस मुख्यालयातून पहारा यावा लागतो, आणि तो दुपारपर्यंत मिळणार नव्हता. मी सूर्यवंशीसाहेबांकडं गेलो.

"साहेब, मूत्राशय फुटलं तर दुपारी पहारा प्रेताला लागेल."

साहेबांनी आमचेच दोन रक्षक दिले, आमचीच गाडी दिली आणि कागदावर लिहिलं, "माझ्या जबाबदारीवर." ती पळाली असती तर त्यांची नोकरी गेली असती. एवढं करणारे अधिकारी मी थोडेच पाहिले.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी कारकुनानं नाव विचारलं. मी तुरुंगाचं पत्र पुढं केलं. त्यानं पत्र वाचलं, स्ट्रेचरवर पडलेल्या सुमनकडं पाहिलं, तिचे लांब केस पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"स्त्री का पुरुष? नक्की सांगा, त्याप्रमाणं वॉर्ड लागतो."

पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या. "ह्यांना इथं ठेवलं तर माझे पेशंट खाटा सोडून बघायला येतील." स्त्रियांच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या. "कागदावर पुरुष लिहिलेला माणूस मी बायकांत कसा घेऊ? उद्या कुणी तक्रार केली तर?" दोघीही वाईट नव्हत्या, दोघींनाही आपापल्या वॉर्डाची काळजी होती. स्ट्रेचर बोळात तसंच राहिलं. येणारंजाणारं माणूस थांबून पाहत होतं. रक्षक आता हसत नव्हते. सुमननं माझा हात धरला आणि ती म्हणाली, "काय बी लिवा, भाऊ. पर बिगीनं लिवा."

एवढ्यात सर्जन आले. वयस्क, तुसडे म्हणून प्रसिद्ध. गर्दी कशाची, असं विचारत ते पुढं आले, सुमनच्या पोटावर हात ठेवला आणि आमच्याकडं वळले.

"लघवी कधीपासून बंद?"

"कालपासून."

"आणि तुम्ही इथं काय लिहीत बसलाय?"

स्ट्रेचर ड्रेसिंगच्या खोलीत गेलं. त्यांनी बेंबीखाली जागा बधिर केली आणि जाड सुई आत घातली. बाटली भरत गेली तसा सुमनचा चेहरा सैल होत गेला. मग ती रडू लागली, आणि रडता रडता सर्जनच्या पाया पडायला उठू लागली. "पड गप," ते खेकसले. "पड म्हणतोय ना, बाई."

कागदाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. नावाच्या जागी 'सुमन ऊर्फ सुभाष' लिहायला लावलं. स्त्री-पुरुषाची जागा रिकामी ठेवायला सांगितली आणि त्या रिकाम्या जागेशेजारी स्वतःची सही केली. वॉर्डाच्या बोळाच्या टोकाला पडदा लावून खाट टाकली. तिथं ती नऊ दिवस होती, पायाला बेडी लावून खाटेला बांधलेली.

सर्जननी आकसलेली वाट शस्त्रक्रियेनं मोठी केली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "कंपौंडर, हे पुन्हा आकसणार. दर तीन आठवड्यांनी रबरी नळी घालून वाट मोकळी ठेवावी लागेल, बहुतेक जन्मभर. बघ, तुला शिकवतो. आणि हिलाही शिकव. अवघड नाही." त्यांनी मला दोनदा करून दाखवलं आणि मी ते करू शकतो असं लेखी दिलं.

परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं, की दोन नंबरमध्ये ठेवलं तर महिन्याभरात ती पुन्हा दवाखान्यात असेल, नाहीतर स्मशानात. साहेब म्हणाले, "वेगळ्या कोठडीत ठेवू. संडास आतच आहे." मला ते पटलं. सुमनला सांगितलं तर तिनं साहेबांचे पायच धरले.

"साहेब, येकटीला कोंडू नगा. मी त्या मानसाला घागर मारली, येवढंच केलंय. येकटी ऱ्हायले तर मी डोकं आपटून मरंन."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. कोठडी ही शिक्षा होती. खून केलेल्यालाही आम्ही तिथं चार दिवसांच्या वर ठेवत नव्हतो.

तोडगा काढला तो इंदूबाईंनी. या आमच्या महिला बराकीच्या रक्षक, कुंडलकडच्या, आवाज खणखणीत. त्यांनी आपल्या बराकीतल्या सात बायकांना सरळ विचारलं. नवऱ्याला विष घातल्याच्या आरोपातली एक म्हातारी तिथं होती. ती म्हणाली, "येऊंदे की. तांदूळ निवडाय हात कमी पडत्यात. ती बाई हाय का न्हाई ते आमाला दिसतंय, त्याला कागुद कशाला?"

असं ठरलं, की दिवसा सुमननं इंदूबाईंच्या नजरेसमोर त्या बायकांबरोबर धान्य निवडायचं आणि अंधार पडायच्या आत दवाखान्याशेजारच्या आजाऱ्यांच्या खोलीत यायचं. त्या खोलीला स्वतंत्र संडास होता. झडती इंदूबाई घेणार. साडी परत मिळणार.

"उद्या वरून विचारलं तर मी कुठला नियम दाखवू?" साहेबांनी विचारलं.

"वैद्यकीय कारण लिहू, साहेब."

मी मसुदा केला, डॉक्टरांनी सही केली. लघवीच्या विकारामुळं स्वतंत्र संडास आवश्यक. सैल वस्त्र, म्हणजे साडी, आवश्यक. झडती स्त्री रक्षकानं घेणे प्रकृतीच्या दृष्टीनं इष्ट. त्या मसुद्याचा मला अभिमान होता, आजही थोडा आहे. पण एक गोष्ट तेव्हापासून टोचते. इतर कैद्यांना बाई किंवा पुरुष असायला कसलं कारण लागत नव्हतं. सुमनला मात्र साडी नेसायला आजारी असावं लागलं.

दर रविवारी तिला भेटायला कुपवाडहून मालनअक्का यायची. साठीची, कपाळभर भंडारा. सुमनला तिनंच सांभाळलेलं. भेटीच्या रजिस्टरात नातं लिहावं लागे. "गुरू" म्हटल्यावर रक्षक तिला परत पाठवत, कारण भेट नातेवाइकाला किंवा वकिलाला. सुमनचे खरे नातेवाईक होते. उसाची शेती होती, थोरला भाऊ फौजेत होता. त्यांच्यापैकी कुणी एकदाही आलं नाही. पाच रविवार मालनअक्का फाटकाबाहेर बसून परत गेली. सहाव्या रविवारी सूर्यवंशीसाहेबांनी स्वतः पेन घेतलं, नात्याच्या जागी 'मावशी' लिहिलं आणि म्हणाले, "जा आत."

दर तीन आठवड्यांनी मी नळी घालायचो. त्या कामाला लाज आणि घाई या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. हात उकळलेल्या पाण्यानं धुवायचे, नळी उकळायची आणि बोलत राहायचं, म्हणजे अंग सैल राहतं. सुमन तांदूळ निवडताना ऐकलेल्या बायकांच्या कहाण्या सांगायची. मी तिला सुमन म्हणू लागलो होतो. पहिल्यांदा तसं पुकारलं तेव्हा ती लगेच "व्हय" म्हणाली होती, आणि रांगेतलं कुणी हसलं नव्हतं.

पाच महिन्यांनी खटला उभा राहिला. तो टाके पडलेला माणूस तारखेला आलाच नाही, आणि ती निर्दोष सुटली. सुटकेच्या रजिस्टरावर तिला सुभाष या नावापुढं अंगठा करावा लागला. तो करून तिनं शाईचं बोट पदराला पुसलं आणि ती मालनअक्काबरोबर निघाली.

तिसऱ्या आठवड्यात ती फाटकाशी हजर. मला बोलावणं आलं.

"भाऊ, नळी घाला."

"अगं, आता तुला आत कसं घेऊ? दवाखान्यात जा की."

"गेलते. त्यो खिडकीतला म्हनला, आदी ठरव काय लिवायचं. लोक हसाय लागलं. आले माघारी." तिनं पदर सावरला. "तुरुंगातच बरं हुतं म्हनायची पाळी आली बगा."

सर्जनचा दिवस गुरुवार. मी दुपारची रजा टाकून तिला घेऊन गेलो. जुना केसपेपर दाखवला, सर्जनची सही दाखवली, काम झालं. त्यानंतर दर तिसऱ्या गुरुवारी ती यायची आणि मी बरोबर जायचो. वर्षभर हे चाललं. घरी बायकोनं एकदा विचारलं, कुठं जाता? मी सांगितलं. तिनं पुढच्या गुरुवारी दोन भाकरी जास्त बांधून दिल्या.

या वर्षभरात सर्जनची एक सूचना राहून गेली. सुमनला स्वतःला नळी घालायला शिकवायचं. मी दोनदा काढलं होतं. ती घाबरायची. "तुमी हायसा की," म्हणायची. मीही जोर केला नाही. खरं सांगायचं तर कुणाला तरी आपली एवढी गरज आहे, हे मला बरं वाटत होतं. पुढच्या वेळी शिकवू, असं मी म्हणत राहिलो.

मग बदलीचा हुकूम आला. चार दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यात हजर व्हायचं होतं. सामान बांधणं, मुलांचे शाळेचे दाखले, या गडबडीत मी तिला निरोप पाठवला नाही. कुपवाडला कुठं राहते ते मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं कधी. इंदूबाईंचं पत्र आलं, त्यात होतं, की गुरुवारी सुमन आली होती, बदली झाल्याचं ऐकून फाटकाशी पाच वाजेपर्यंत बसली आणि गेली. सर्जनही त्याच सुमारास निवृत्त झाले होते. मी पत्र वाचलं आणि एकदा जाऊन यायचं ठरवलं. जायला मला अडीच वर्षं लागली.

कुपवाडला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत विचारत विचारत मालनअक्काचं घर सापडलं. तिनं मला ओळखलं. चटई टाकली, पाणी दिलं. मी सुमन कुठं आहे विचारलं.

"गेली की ती. दीड साल झालं."

"काय झालं?"

"त्येच. लघवी तुंबली. लय सुजली. दवाखान्यात नेते म्हनलं तर नगं म्हनली. त्या खिडकीवर पुना उभी ऱ्हानार न्हाई म्हनली. तिसऱ्या दिशी डोळं फिरवलं."

मी मृत्यूच्या दाखल्याचं विचारलं. तोंडात सरकारी सवयीनं तेवढंच आलं.

"दाखला काडाय कोन जानार, भाऊ? त्येंनी पुना इचारलं असतं, बाई का बाप्या."

पुढं कितीतरी वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा माणसांना आपली ओळख आपण सांगायचा हक्क दिला, ते मी निवृत्तीनंतर पेपरात वाचलं. कागदांवर तिसरी जागा आली. चांगलं झालं. पण मला त्या दिवशीही कुपवाडचीच दुपार आठवली.

निघताना मी चपला घालत होतो. मालनअक्का दारात उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "खरं सांगा, भाऊ. तुमी आला असता, न्हायतर तिला ते नळीचं शिकवलं असतं, तर वाचली असती का ती?"

इतकी वर्षं आजारी माणसांना मी धीर देत आलो होतो. तिच्या नशिबात तेवढंच होतं, असं म्हणता आलं असतं. नक्की सांगता येत नाही, असंही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "वाचली असती."

तिनं मान हलवली. मग माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली, आणि एसटी येईपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली.